बॅगा कोण सांभाळणार?

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण बॅगा सांभाळणारा असतो. तुमच्याही असेल, जरा आठवून बघा. पार्कात पोचल्यावर सगळे मोठ्या पाळण्याकडे पळत सुटतात आणि हा एक जण, "तुम्ही व्हा पुढे, मी आहे इथे" म्हणत सावलीतला बाक शोधतो. त्याच्या मांडीवर सात मोबाइल, तीन गॉगल, कुणाचं तरी मंगळसूत्र आणि अर्धी प्यालेली पाण्याची बाटली. विचारलंत तर तो सांगेल, "मला चक्कर येते रे," किंवा "सकाळी खूप खाल्लंय," किंवा "हे सगळं लहान मुलांचं आहे." सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात, कारण बॅगांची सोय होते.

मंडळी, तो मी. उंची पाच फूट आठ इंच, वजन ११८ किलो (सकाळी, उपाशीपोटी). मला चक्कर वगैरे काही येत नाही. लहानपणी भोसरीच्या जत्रेत आकाशपाळण्यात तीन तीन वेळा बसायचो. तो पाळणेवाला मोठा हुशार माणूस होता. समोरासमोरच्या पाळण्यांत माणसं भरताना तो वजनाची बेरीज नुसत्या डोळ्यांनी करायचा. या बाजूला एक जाडी मावशी बसली की पलीकडे दोन कॉलेजची पोरं. त्याच्या हिशोबात जाड माणूस हा अडचणीचा नव्हता, उलट बॅलन्सला उपयोगी होता. सुरक्षिततेच्या नावाने पुढ्यात एक लोखंडी दांडा आणि खिळ्याएवढी पिन, तेव्हा त्याचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही. पण "तुम्ही उतरा" असं त्याने कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

ते म्हणणारे नंतर भेटले. आमच्या पिढीच्या डोक्यात मोठं पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली सुरू झालेलं. आता ते २०२२ पासून बंद आहे. मग २०१३ च्या एप्रिलमध्ये खोपोलीजवळ अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका उघडलं आणि हिंजवडीतल्या यच्चयावत एचआरना टीम आउटिंगसाठी एक नवीन जागा मिळाली. (आता ते नुसतं 'इमॅजिका' आहे, २०२२ मध्ये मालपाणी समूहाने घेतलं.) त्याआधी टीम आउटिंग म्हणजे लोणावळ्याचं एखादं रिसॉर्ट, रेन डान्स आणि अंताक्षरी. तिथे माझं बरं चाललं होतं. अंताक्षरीला कंबरेचा घेर लागत नाही.

तर झालं असं की, एकदा एका पार्कात (नाव लिहीत नाही, आणि कृपया विचारू नका) मी सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहिलो. तासभर. मे महिना होता. आमचा नंबर आला, मी बसलो, खांद्यावरून येणारा तो जाड रबरी हार्नेस खाली ओढला आणि तो माझ्या पोटापर्यंत येऊन थांबला. क्लिक नाही. एक मुलगा आला, त्याने दाबलं. दुसरा आला, दोघांनी मिळून दाबलं. "सर, श्वास सोडा. अजून सोडा." माझ्याकडे सोडायला तेवढा श्वास नव्हता. गाडीत सत्तावीस-अठ्ठावीस माणसं बसलेली, मागे रांगेत शंभर, आणि सगळ्यांचं लक्ष एकाच प्रयोगाकडे. शेवटी एकाने माइकवरून, म्हणजे अक्षरशः माइकवरून, सांगितलं की "लास्ट रो वाले सर, प्लीज बाहेर या." मी बाहेर आलो. बाहेर येण्याचा रस्ता रांगेच्या कडेकडेने होता, उलट दिशेने, शंभर माणसांसमोरून.

त्यानंतर बॅगा.

हे सगळं मी पंधरा वर्षांत कुठे लिहिलं नसतं. आता लिहितोय त्याचं कारण आमचे भाचेसाहेब.

ताई निगडी प्राधिकरणात राहते. तिचा मुलगा आठवीत आहे, वय तेरा, वजन ८४ किलो. मामावर गेलाय असं सगळे म्हणतात आणि त्याच्यासमोरच म्हणतात. गणिताला हुशार, बुद्धिबळात मला हरवतो, आणि रोलर कोस्टर हा त्याचा आवडीचा विषय. जगातला कुठला कोस्टर किती उंच, किती उलटे वळसे, कुणी बनवला, हे सगळं तोंडपाठ. आपल्याकडच्या इमॅजिकामधला नायट्रो हा स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड मॅबिलार्ड या कंपनीचा बिनतळाचा कोस्टर आहे, साधारण ४० मीटर उंच, पाच वेळा उलटा करतो, हे मला त्याने सांगितलं. तो कधीच बसला नव्हता. नुसते व्हिडिओ बघून.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ताईच्या सोसायटीतली सात-आठ कुटुंबं मिळून एका पार्कात गेली. मीही होतो. मोठ्या राइडपाशी पोचलो, पोरं पळाली, आणि हा थांबला. मला म्हणाला, "मामा, तू बस थोडा वेळ. मी बॅगा सांभाळतो. मला चक्कर येते."

अगदी तोच सूर. तेच कारण. तेरा वर्षांचा मुलगा.

मी त्याला काही बोललो नाही. काय बोलणार? दोघं बाकावर बसून बॅगा सांभाळत राहिलो. त्या पोराने मला प्रत्येक गाडी सुटल्यावर चेन लिफ्ट म्हणजे काय आणि ब्रेक कुठे लागतात ते समजावून सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, वजन कमी करा की! बरोबर आहे. ताईचंही तेच म्हणणं आहे आणि आमच्या डॉक्टरांचंही. मी चालतोय, भाचा पोहायला जातोय, साखर बंद आहे. पण ते काम वर्षांचं आहे, आणि पोराचं तेरावं वर्ष चौदा महिने थांबणार नाही. वजन उतरेल तेव्हा उतरेल, तोवर त्याने बाकावर बसून राहावं असं मला वाटत नाही. शिवाय आपण सॉफ्टवेअरवाले. जे सिस्टीम आज आहे त्याच्यावरच रिलीज करायची सवय आहे आपल्याला.

म्हणून मी ठरवलं, याचं प्लॅनिंग करायचं. रीतसर. रिक्वायरमेंट गोळा करण्यापासून.

पहिला धक्का तिथेच बसला. कुठल्याही पार्कात जा, राइडच्या दारात उंचीचा बोर्ड असतो. एखादा कार्टून प्राणी हात आडवा करून उभा, खाली '१४० सेमी'. छान, स्पष्ट, तपासता येण्यासारखी अट. आणि रुंदीबद्दल? 'अति वजन असलेल्या व्यक्तींनी बसू नये.' अति म्हणजे किती? कुणापेक्षा? असं स्पेसिफिकेशन मला क्लायंटने दिलं असतं तर मी चहा प्यायला निघून गेलो असतो. फोन करून विचारलं तर एका पार्कातून उत्तर आलं, "सर, नॉर्मल हेल्दी पर्सन असेल तर चालेल." हेल्दी हा शब्द आपल्याकडे दोन्ही अर्थांनी वापरतात, त्यामुळे माझ्या ज्ञानात शून्य भर पडली.

मग मी आमच्या चाकणवाल्या मित्राला गाठलं. हा इंजिनिअरिंगपासूनचा मित्र. मी हिंजवडीला गेलो, हा चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत. गेली अठरा वर्षं माणसाचा पार्श्वभाग हा त्याचा अभ्यासाचा विषय आहे (हे तो स्वतःच सांगतो, लग्नातसुद्धा). रविवारी सकाळी तो ताईकडे आला तो मेजरिंग टेप आणि एक भला मोठा गुण्या घेऊन.

"वजन विसर," तो म्हणाला. "सीटला वजन कळत नाही. लोखंड मजबूत असतं रे. सीटला आकार कळतो."

मग त्याने भाच्याला भिंतीला पाठ टेकवून स्टुलावर बसवलं आणि मापं घ्यायला लागला. भिंतीपासून पोटाच्या पुढच्या टोकापर्यंत किती. स्टुलापासून मांडीच्या वरच्या बाजूपर्यंत किती. बसल्यावर खांदा किती उंचीवर येतो. छातीची खोली. प्रत्येक मापाबरोबर भाषण. मांडीवर येणारा बार असेल तर मांड्या आणि पोटाचा खालचा भाग नडतो. खांद्यावरून येणारा हार्नेस असेल तर छाती आणि पोटाचा वरचा भाग. लांब धडाचा उंच माणूस बारीक असूनही कधी कधी हार्नेसमध्ये बसत नाही, कारण खांदे वर येतात. उलट ताईसारखी बुटकी आणि कंबरेखाली भरलेली बाई हार्नेसमध्ये आरामात बसेल आणि मांडीवरच्या बारला अडकेल. (हे ऐकून ताई आत पोहे करायला निघून गेली.)

मग माझा नंबर लागला. मग भाच्याने टेप हातात घेतली आणि म्हणाला, "काका, आता तुम्ही." चाकणवाला ७१ किलो, अंगात शर्ट लोंबतो. पण भिंतीपासून पोटाचं माप घेतलं तर भाच्यापेक्षा फक्त दोन सेंटीमीटर कमी! भाचा इतका हसला की स्टूलवरून पडायचा बाकी होता.

यावरून आठवलं, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला होता. शेजारी लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आत जाड, असं आपलं भारतीय शरीर. मधुमेहाच्या संदर्भातलं ते संशोधन आहे, पाळण्यांचा त्याच्याशी संबंध नाही. पण वजनकाट्याचा आकडा शरीराबद्दल किती कमी सांगतो हे समजायला तो एक फोटो पुरे. आमच्या ऑफिसात 'आपण कुठे जाड' म्हणून फिरणारे अर्धे लोक बसल्यावर टेबलाला टेकतात.

पोह्यांवर चाकणवाल्याने पुढचा धडा घेतला. सीट कुणासाठी बनवतात? सगळ्यांसाठी कधीच नाही. माणसांची मापं एका रांगेत लावली तर खालचे काही आणि वरचे काही सोडून मधल्यांसाठी बनवतात, सहसा पाचव्या पर्सेंटाइलपासून पंचाण्णवाव्यापर्यंत. गाडीच्या अपघात चाचणीत जो पुरुषाचा पुतळा बसवतात तो साधारण १७५ सेंटीमीटर आणि ७८ किलोचा, म्हणजे अमेरिकेतला मधला माणूस. भारतीय मापांचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ साली काढलं, देबकुमार चक्रवर्तींचं. बरं, गाडीत निदान सीट मागे सरकते, पट्टा लांब होतो. कोस्टरच्या सीटला यातलं काही नसतं.

"आणि नसतं ते मुद्दाम," तो म्हणाला. "तुझे बाबा काय वापरायचे? गेज. तेच आहे हे."

माझे बाबा भोसरीच्या एमआयडीसीत टर्नर होते. त्यांच्या खणात प्लग गेज असायचा, दोन टोकांचा. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गो आणि नो-गो. मधे वाद नाही, 'थोडंसं जातंय साहेब' नाही. कोस्टरच्या हार्नेसपासून सीटपर्यंत जो छोटासा पट्टा असतो, ठरावीक लांबीचा, तो दुसरं कुलूप तर आहेच, पण तो गेजसुद्धा आहे. तो लागला म्हणजे हार्नेस पुरेसा खाली आला. नाही लागला म्हणजे माणूस आणि हार्नेस यांच्यामधल्या कोनात काहीतरी गडबड आहे. त्यामुळे दोन पोरं अंगावर रेलून तो पट्टा लावतात तेव्हा ते मापाच्या बाहेरचा जॉब हातोडीने बसवत असतात. बाबांनी कानाखाली वाजवली असती.

हे ऐकून माझा त्या जुन्या प्रकरणातला अर्धा राग बदलला. त्यांनी मला उतरवलं ते बरोबरच होतं. उतरवण्याआधी जे केलं आणि ज्या प्रकारे उतरवलं, ते चूक होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्या एकत्र केल्या जातात.

'नाही' का म्हणावं लागतं याचं एक उदाहरण मी भाच्याला सांगितलं. सांगावं की नाही यावर आठवडाभर विचार केला. अमेरिकेत ऑर्लँडोला १३१ मीटर उंच मनोऱ्यावरून खाली सोडणारी एक राइड होती. २४ मार्च २०२२ ला तिच्यावर एक चौदा वर्षांचा मुलगा बसला. शाळेत फुटबॉल खेळणारा, अंगाने दांडगा, सुमारे १७४ किलोचा. राइडची मर्यादा साधारण १३० किलोची. खांद्यावरचा हार्नेस त्याच्यासाठी पूर्ण खाली येत नव्हता. पण त्या सीटचा सेन्सर आधीच हाताने सैल करून ठेवलेला होता, त्यामुळे जास्त फट राहूनही मशीनला 'सगळं बंद आहे' असंच दिसलं. हार्नेसला खालून जोडणारा पट्टा त्या राइडला नव्हताच. खाली येताना ब्रेक लागले आणि मुलगा त्या फटीतून निसटला. तो वाचला नाही. नंतर तो मनोरा पाडून टाकला, २०२३ मध्ये.

यात मला, सॉफ्टवेअरवाला म्हणून, सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर तो सेन्सर. आपण सगळ्यांनी कधी ना कधी शुक्रवारी संध्याकाळी फेल होणारी टेस्ट कॉमेंट करून बिल्ड पुढे ढकलल्याचं बघितलंय. ते हेच.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे त्याला कुणी नाही म्हणालं नाही."

त्याच ऑर्लँडोत युनिव्हर्सलच्या पार्कात मोठ्या राइड्सच्या दाराशी एक रिकामी सीट ठेवलेली असते. रांगेत लागायच्या आधीच बसून बघायचं, बार लागतोय का. लागला तर रांगेत जा. नाही लागला तर कुणाला कळलंही नाही. हॅरी पॉटरची राइड २०१० ला सुरू झाली तेव्हा बरेच मोठ्या अंगाचे लोक तिच्यात बसेनात, तेव्हा त्यांनी काही सीट बदलून घेतल्या. बोलिजर-मॅबिलार्डच्या कोस्टरमध्येही काही पार्कांत ठरावीक रांगांमधल्या सीटना जरा जास्त लांब पोहोचणारे पट्टे असतात. हे भाच्याला आधीच माहीत होतं. कुठल्या पार्कात कुठली रांग, हेसुद्धा! पोरगा केव्हापासून शोधत होता देव जाणे.

तर एवढं सगळं झाल्यावर आमची एक्सेल शीट तयार झाली. राइडचं नाव. बार मांडीवर की खांद्यावर. बार प्रत्येकाला वेगळा की दोघांत एक. हा रकाना फार महत्त्वाचा आहे, कारण एकच बार दोघांवर येत असेल तर तो जाड माणसाच्या पोटावर थांबतो आणि शेजारचा बारीक माणूस मोकळाच राहतो. मामाशेजारी भाची-पुतणी बसवताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही. लहान मूल आणि मी, एका बारखाली कधीच नाही, हा नियम तिथेच लिहून टाकला. मग पट्टा आहे का, आणि सीटला मधे उंचवटा आहे का, कारण तो असला की मांड्या पसरायला जागा राहत नाही. ही माहिती कोण देणार? तर पार्कात गेलेल्यांचे व्हिडिओ. भाच्याने व्हिडिओ थांबवून थांबवून सीट बघितल्या. शिवाय एका संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या घराजवळच्या अप्पूघरला नुसतं फिरायला गेलो, पाळण्यांच्या सीट कठड्याबाहेरून बघायला. लोक पाळण्याकडे बघतात, आम्ही बिजागऱ्यांकडे.

वॉटर पार्कचा रकाना वेगळा केला. तिथे बार नसतो, पण ट्यूबवर दोघांचं मिळून वजन मोजतात, म्हणजे निदान आकडा तरी असतो. खरी अडचण कपड्यांची. आपल्याकडे नायलॉनचाच कॉश्चुम पाहिजे, आणि भाड्याने मिळणारे कॉश्चुम एक्सएलला संपतात. तो एक्सएल कुणाचा असतो मला माहीत नाही, आपला नसतो. कॅम्पातल्या, म्हणजे आपल्या पिंपरी कॅम्पातल्या, दुकानातून आधीच घेऊन ठेवा. आणि जाड माणसाने दिवसभर चालायचं तर मांड्या घासतात, संध्याकाळपर्यंत सालं निघतात. जीन्सऐवजी लांब सायकलिंग शॉर्ट आणि वर सैल पँट. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

दिवसही निवडून काढला. फेब्रुवारीतला मंगळवार, कारण दहावीच्या सराव परीक्षेमुळे आठवीला सुट्टी होती. ऊन कमी, गर्दी कमी. गर्दी कमी असली की राइडवरच्या पोरांना बोलायला वेळ असतो, आणि आमचं सगळं प्लॅनिंग त्या एका संभाषणावर अवलंबून होतं. ते वाक्य आम्ही गाडीत पाठ केलं होतं.

"दादा, रांगेत लागायच्या आधी एकदा सीटवर बसून बघू का? बसत नसेल तर उगाच सगळ्यांचा खोळंबा नको."

पहिल्या राइडवरचा मुलगा विशीतला असेल. त्याने आमच्या दोघांकडे बघितलं, एकदा मागे बघितलं, आणि म्हणाला, "या ना काका. ही गाडी रिकामीच आहे." बाहेर जायच्या बाजूने आत घेतलं. मांडीवरचा बार, प्रत्येकाला वेगळा. भाचा बसला, क्लिक क्लिक क्लिक. मी बसलो. क्लिक. एकच. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने बार हलवून बघितला, वाकून एक खूण तपासली आणि म्हणाला, "बसतंय काका. टेन्शन नाही."

मंडळी, मी पंधरा वर्षांनी बसलो. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटाचं वर्णन करायला गेलो तर हसाल, म्हणून करत नाही. एवढंच सांगतो की चार जी म्हणजे माझं ४७२ किलो होतं आणि त्या क्षणी मला ते अजिबात जड वाटलं नाही. भाचा शेजारी सलग ओरडत होता. मला वाटलं घाबरलाय. उतरल्यावर कळलं, तो वळणांची नावं घेत होता.

मग मोठी राइड. खांद्यावरचा हार्नेस. इथेही तेच वाक्य, इथेही एका बाजूने आत घेतलं. भाच्याचा हार्नेस खाली आला आणि पट्टा लागला. लागला! दोन बोटं जागा ठेवून. माझा आला नाही. बक्कल आणि खाचेमधे चार बोटांचं अंतर. इथला मुलगा जरा मोठा होता. त्याने एकदाच हलक्या हाताने दाबून बघितलं आणि हात काढून घेतला. मग खाली वाकून, माझ्याच कानाला ऐकू येईल असं म्हणाला, "काका, ह्यात नाही जमणार. पलीकडच्या त्या निळ्यात जमेल, त्याला बार वेगळा आहे."

बस, एवढंच. दहा सेकंद. कुणी बघितलं नाही, माइक नाही, श्वास सोडणं नाही.

भाचा लगेच हार्नेस वर करायला लागला. "मग मी पण नाही."

"तू का नाही?"

"एकटा?"

"एकटा कुठे, अठ्ठावीस जण आहेत."

"मामा, तसं नाही."

मला कळलं त्याला काय म्हणायचं होतं. तो घाबरला नव्हता. मला बाकावर सोडून जायला त्याला नको होतं, कारण त्या बाकावर कसं वाटतं हे त्याला माहीत होतं. मी म्हटलं, "हे बघ, पट्टा तुझा लागलाय. गेजमध्ये बसलेला जॉब कुणी परत पाठवत नाही. आणि मला पहिल्या उताराचा व्हिडिओ पाहिजे, तो खालूनच नीट येतो." तो दोन मिनिटं उभा राहिला. मग रांगेत गेला. रांग छोटी होती, तरी त्याने पहिल्या ओळीसाठी दोन गाड्या सोडल्या. पठ्ठ्या.

व्हिडिओ हललेला आलाय, पण त्यात तो दिसतो. दोन्ही हात वर.

त्या दिवशी त्याने ती राइड चार वेळा केली. निळी आम्ही दोघांनी दोनदा केली. एका ठिकाणी दोघांनाही जमलं नाही, एका ठिकाणी मी सरळ सांगितलं की मला बघूनच पोटात ढवळतंय, आणि ते या खेपेला खरं होतं. परत येताना तो खालापूरच्या फूड मॉलपर्यंत बोलत होता आणि नंतर झोपला. ताईने घरी विचारलं, "काय रे, चक्कर नाही आली?" त्यावर साहेबांचं उत्तर: "चक्कर येत नाही मला. सीटचा प्रॉब्लेम असतो."

शीट मी ऑफिसातल्या दोघातिघांना दाखवली, गंमत म्हणून. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टीममधल्या एका मुलीचा मेसेज आला. आमची ओळख लिफ्टमधली. मेसेजमध्ये नमस्कार-चमत्कार काही नाही, फक्त "ती शीट पाठवाल का?" पाठवली. आठवड्याने ती परत आली तेव्हा तिच्यात दोन नवीन रकाने होते. एक, हार्नेसचा छातीवर दाब कसा येतो, कारण बायकांसाठी मापच वेगळं आहे आणि आमच्या दोघांच्या नाही तर चाकणवाल्याच्याही लक्षात ते आलं नव्हतं. दुसरा, रांगेत मधे कुठे टेकायला जागा आहे का. आणि तिने स्वतः जाऊन आलेल्या तीन राइड्स भरल्या होत्या, तिसरीपुढे लिहिलं होतं: 'शेवटची ओळ, डावीकडची सीट मागा. पट्टा लागतो.'

भाच्याने ती ओळ हिरवी केली आहे.